उत्तर येईपर्यंत

"ही वायरची, आणि ही बिनवायरची," असं म्हणून इनामदारांनी आमच्या ओटीवर दोन काळ्या पेट्या उघडल्या. आईनं ठेवलेल्या चहावर साय धरली तरी ते बोलतच होते. मी पेटीच्या इतकी जवळ सरकले होते की शेवटी ते म्हणाले, "ताई, जरा हात काढता का, झाकण लागेल."

हात कसला काढते. मी आठवीत होते, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नुकतीच माईकवर बोलून आले होते, आणि जगातल्या कुठल्याही पेटीतलं आपल्याला कळणारच अशी माझी खात्री झाली होती. आता अकरावीत ती खात्री थोडी उतरली आहे. पण त्या वर्षी ती अंगात नसती, तर पप्पांच्या थोरल्या भावाचं तोंड मी आजवर पाहिलं नसतं.

इनामदार कोल्हापूरचे. आतषबाजी हातानं न पेटवता विजेवर पेटवायची यंत्रं ते विकायचे. नळ्यातल्या दारूत विजेची वात सोडायची, तिची वायर पेटीला जोडायची आणि माणसानं लांब बसून बटण दाबायचं. वायरच्या पेटीवर बटणांची ओळ होती. एक बटण, एक नळा. बिनवायरची पेटी जास्त देखणी. तिच्यात आख्खा कार्यक्रम आधीच भरून ठेवता यायचा. एकदा चावी फिरवली की कुठला नळा कधी उडवायचा ते तिचं ती बघणार.

"वायर उंदरानं कुरतडली तर?" मी विचारलं.

"म्हणून तर हे दिवे. जोडणी नीट असली की हिरवा लागतो."

"बिनवायरच्या पेटीत दुसऱ्याच कुणाचा सिग्नल घुसला तर?"

"तिची खूण ठरलेली असते. परक्याचं ऐकत नाही ती."

"आणि नळ्यापाशी माणूस असताना कुणी चावी फिरवली तर?"

"जो नळ्यापाशी जाईल, त्यानंच चावी खिशात घालून जायचं. ताई, मी पेटी विकायला आलोय की तोंडी परीक्षेला?"

"ती सगळ्यांचीच घेते," आई म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

पप्पा उंबऱ्यावर बसून उजव्या हाताला खोबरेल चोळत होते. त्या हाताची कातडी मनगटापर्यंत गुलाबी आणि तुकतुकीत झाली होती. आमच्या घराकडे भैरोबाच्या जत्रेचं दारूकाम पिढ्यान् पिढ्या आहे, आणि आदल्या वर्षी जत्रेत पप्पा वात लावायला वाकले असताना नळा वेळेआधीच उडाला होता. हात वाचला, डोळे वाचले. आईनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, की यंत्र आणा नाहीतर बंद करा, पण हे पुन्हा नळ्यावर वाकणार नाहीत.

"मला एकच सांगा," पप्पा पहिल्यांदाच बोलले. "हे थांबतं का?"

"थांबतं म्हणजे काय, दोन औटांत किती अंतर ठेवायचं ते अगदी सेकंदाच्या तुकड्यापर्यंत ठरवता येतं."

"तसं न्हाई. उत्तर येईपर्यंत थांबतं का?"

इनामदारांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाचं उत्तर?"

पप्पा पुन्हा खोबरेल चोळायला लागले. मग ते मलाच सांगावं लागलं.

आमचं खरं गाव, वाघजाळी, धरणाच्या पाण्यात आहे. भैरोबाची मूर्ती तेवढी वर आणली. देऊळ, तालीम, चावडी, आमचं घर, सगळं खालीच राहिलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर देवळाचं शेवाळलेलं शिखर वीतभर वर येतं आणि त्यावर पाणकावळा बसतो. जत्रेच्या दिवशी सूर्य बुडाला की काठावर औट लावतात. औट म्हणजे लोखंडी नळ्यात ठासलेला नुसता आवाज. रंग नाही, चांदण्या नाहीत. एक औट लावायचा आणि थांबायचं. पाण्यावरून तसाच एक आवाज परत येतो. तो आला की मग पुढचा लावायचा, त्याआधी नाही. खालचं गाव आपल्याला उत्तर देतं, असं सगळे मानतात.

मी ते मानायचे आणि नाहीही मानायचे. शाळेत बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "साधा पडसाद आहे, डोंगरावर आपटून येतो." मी म्हटलं, "बाई, त्याच डोंगराला हाक मारली तर ती एका श्वासात परत येते. औटाचं उत्तर येईपर्यंत माझ्या दोन्ही वेण्या घालून होतात." बाई म्हणाल्या, "हवेचा परिणाम असेल," आणि त्यांनी पुढचा धडा काढला. मला मात्र अंथरुणात पडल्यावर ते आठवायचं. एवढा उशीर कशाला लागतो? खाली कुणीतरी आवाज ऐकून उठतंय, दाराची कडी काढतंय, पाण्यातून चालत यावं तसं सावकाश येतंय, असं डोळ्यांपुढे यायचं आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढायचे.

हे सगळं इनामदारांनी मान हलवत ऐकलं. तेवढ्यात जत्रा कमिटीचे बजाबा काठी टेकत आले. ते कमिटीतले सगळ्यात म्हातारे, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही.

"शनवारी काठावर यंत्र लावून बघू," बजाबा म्हणाले. "गावानं यंत्राला उत्तर दिलं तर यंत्र घ्या. न्हाई दिलं, तर सदाशिव हातानंच लावंल. चालत आलंय तसं."

"हातानं नाही," आई म्हणाली.

"मग काय मी लावू व्हय सूनबाई? मला तर काडी बी दिसत न्हाई."

"लावीन मी," पप्पा म्हणाले.

आई उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि एकेक भांडं नेमकं कुणावर आपटलं जातंय हे ओटीवर सगळ्यांना कळत होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, की शनिवारी पेटी मीच चालवणार आणि उत्तर आणणार. ते कसं आणणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

शनिवारी दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही काठावर होतो. वारा पडला होता. पाणी इतकं सपाट होतं की त्यावर पाय ठेवता येईल असं वाटावं. समोर डोंगराची एक सोंड थेट पाण्यात उतरलेली, आणि तिच्या पलीकडे काय आहे ते आमच्या बाजूनं कधीच दिसत नाही. इनामदारांनी नळे वाळूत पुरले, वाती सोडल्या, दोर बांधून माणसांना मागे सारलं. पेटी माझ्यापुढे आली. हिरवे दिवे एकेक करत लागले.

"आधी साधं," इनामदार म्हणाले. "एक औट. बटण तुम्ही दाबा."

मी दाबलं. आवाज छातीत घुसला, पाण्यावरून सरपटत गेला आणि विरला.

मग काहीच नाही. माझ्या दोन वेण्या झाल्या असत्या. चार झाल्या असत्या. बजाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आई पदराचं टोक पिळत होती. पप्पा काठावर ओढून ठेवलेल्या आमच्या होडीत बसले होते. त्यांचे डोळे सोंडेवर खिळलेले होते, आणि ओठ हलत होते.

"न्हाई आलं," बजाबा म्हणाले. "यंत्राचं त्येंना पटत न्हाई."

तेवढ्यात ते आलं. उशिरा, पण अगदी स्पष्ट. झोपेतून उठवलेल्या माणसानं ओ द्यावी तसं.

बायकांनी हात जोडले. आईनं पदर सोडला. मी पेटीपुढे अशी बसले जशी काही ती मीच बनवली होती. दुसरं बटण दाबलं. या वेळी उत्तर नेहमीइतक्याच वेळात आलं. तिसऱ्यालाही आलं.

"झालं," पप्पा म्हणाले. "बास आता. यंत्र घेऊ."

पण इनामदार आले होते बिनवायरची पेटी विकायला. "एवढ्यासाठी वायरवालीच पुरते हो. आता हिचं काम बघा. ताई, चावी."

"नको," पप्पा होडीतून उठले.

"बघू दे की सदाशिव," बजाबा म्हणाले. "मला लांबचं दिसत न्हाई, निदान ऐकू दे."

चावी मी फिरवली. पेटीनं दोन औट एकदम उडवले. मग एक. मग तीन, पायऱ्या उतराव्यात तसे. मग एक पोपटी रंगाचं झाड आभाळात उगवलं आणि पाण्यात उलटं उगवलं. माझ्या तोंडून शीळ निघाली. आणि त्या सगळ्याच्या मधून उत्तरं यायला लागली.

आधी लोक खूश झाले. मग गप्प झाले. कारण ती उत्तरं चुकत होती. आमचे दोन झाले की पलीकडून एक यायचा, मग दुसरा, घाईघाईनं, पहिल्याला धक्का देऊन. आमचे तीन झाले की पलीकडून अर्धवट ठासल्यासारखा एक यायचा आणि तोवर आमचे पुढचे दोन गेलेले असायचे. आवाज एकाच ठिकाणाहूनही येत नव्हते. थोडा डावीकडून, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. पाण्याखालून कुणीतरी इकडून तिकडे पळत असल्यासारखे. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. बजाबा पुटपुटले, "ऐकतंय बघा गाव. सगळं ऐकतंय." पण ते काठी टेकत दोन पावलं मागे सरकले.

माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. पडसाद थकत नाही. डोंगर थकत नाही. गाव बुडालेलं असेल तर तेही कशाला थकेल? हे जे काही होतं, त्याला धाप लागली होती.

मी चावी काढली.

"अहो ताई, अजून शेवट व्हायचाय," इनामदार म्हणाले.

पेटीवरचे दिवे विझले. आमची बाजू शांत झाली. पलीकडून मात्र राहिलेली उत्तरं येतच होती. एक. थोड्या वेळानं अजून एक. कुणीतरी मागे पडलेली ओळ पुरी करून घेत होतं. मग सोंडेमागे आभाळ क्षणभर तांबडं झालं आणि एक बोथट, चिरका आवाज आला. औट असा वाजत नाही. लोखंड फाटलं की असं वाजतं. आम्हा दारूवाल्यांच्या घरात ते पोरांनाही कळतं.

पप्पा गुडघाभर पाण्यात गेले होते. दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "दादा, पुरे. पुरे, दादा."

पप्पांना कुणाला दादा म्हणताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

काठावर कुणी हललं नाही. काही वेळ गेला आणि पलीकडून दोन आवाज आले. आधीच्यांपेक्षा दबके, खोल, पण घाईचे नव्हते. एक, मग नीट थांबून दुसरा.

"ठीक हाय त्यो," पप्पा म्हणाले, पण होडी पाण्यात ढकललीच. मी चावी खिशात घातली आणि न विचारता चढले. आईनं मला ओढायला हात पुढे केला, मग पप्पांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा. एक वल्हं तू मार."

आम्ही अर्ध्या पाण्यापर्यंत आलो. डावं वल्हं माझं, उजवं त्यांचं, आणि त्यांच्या कातडीला ते खुपत होतं हे मला दिसत होतं. खाली कुठेतरी आमचं घर होतं. मी खाली बघत नव्हते.

"पप्पा, तिकडे कोण आहे?"

"माझा थोरला भाऊ. महिपती. तुझा काका."

"मला काका आहे?"

"हाय की. धरण आलं तवा आबांनी, तुझ्या आज्यानं, देव घेऊन हिकडं यायचं ठरवलं. दादा म्हणला, मी गाव सोडून जायचा न्हाई, पाणी येईल तसा वर सरकंन पण हितंच ऱ्हाईन. आबा म्हणले, मग तू आमचा न्हाईस. जत्रेचं दारूकाम त्येच्याकडनं काढून माझ्याकडं दिलं. मी त्या वेळी गप बसलो." वल्हं दोनदा पाण्यात गेलं. "अजून गप्पच हाय."

"मग उत्तर ते देतात हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या सालापासनं. त्येचा औट जरा बोबडा वाजतो. ठासताना घाई करतो. आबा लई शिव्या द्यायचे त्यापायी."

"आणि गावाला?"

"गावाला गाव उत्तर देतं. त्येंचं त्येंना राहू दे."

त्यांना बिनवायरची पेटी का नको होती, ते तेव्हा मला कळलं. माणसाला पुढच्या नळ्यापर्यंत जायला वेळ लागतो.

सोंडेला वळसा घातला तेव्हा आभाळात अजून थोडा उजेड होता. काठावर एकच कुडाचं घर. त्यापुढे नळ्यांच्या दोन रांगा, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. त्यातला एक नळा केळफुलासारखा उकलला होता. घराच्या पायरीवर एक उंच म्हातारा हात कळशीत बुडवून बसला होता. त्याची एका बाजूची मिशी जळून गेली होती, त्यामुळे तो अर्धा पप्पांसारखा दिसत होता.

पप्पा होडीतून उतरले आणि तिथेच थांबले.

"इतकी घाई कुणाला झाली रे?" म्हातारा मोठ्यानं म्हणाला. कानात दडे बसलेला माणूस बोलतो तसं. "भैरोबाला येष्टी गाठायची हुती?"

"यंत्र हाय," पप्पा म्हणाले.

"आं?"

"यंत्र," मी ओरडले. "विजेचं. मी चालवत होते."

"ही कोण?"

"प्रणोती. माझी पोरगी."

"ही व्हय. मग बरोबर. आपल्या घरात हळू कोण करत न्हाई." त्यांनी हात कळशीतून काढून पाहिला. बोटं लाल झाली होती, पण सगळी होती. "गेल्या साली मधीच थांबलास तू. मी आपला उत्तर देऊन बसलो. म्हटलं आता येईल, मग येईल. सकाळ झाली. वरीसभर कुणाला इचारायचं कळंना. इचारलं आणि कुणी भलतंच सांगितलं तर?"

पप्पांनी आपला हात पुढे केला. काकांनी डाव्या हाताच्या बोटानं ती गुलाबी कातडी चाचपली.

"खोबरेल लाव."

"लावतोय."

"आज जत्रा न्हाई, काय न्हाई, आणि अचानक तुझा औट. जेवत हुतो. ताट सोडून पळालो." ते मान वळवून दुसरीकडे बघायला लागले. "म्हटलं, हाय त्यो."

पप्पा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग पप्पांनी डोळे पुसून त्यांना दटावलं. "पण नळा फुटल्यावर थांबायचं की दादा. त्यावर आणखी दोन कशाला लावलेस?"

"कुठले दोन?"

"फुटल्यावर. मी हाक मारली त्येच्यानंतर."

"ह्यो फुटला तसा मी हितनं उठलो न्हाई. राहिलेले औट त्या पेटाऱ्यात हायत, बघ की."

मी जाऊन पाहिलं. पेटाऱ्यात औट जसेच्या तसे रचलेले होते.

"आम्ही ऐकले," मी म्हणाले. "दोन. थांबून थांबून. सगळ्यांनी ऐकले."

पप्पा माझ्याकडे बघत होते. काका पाण्याकडे बघत होते, आणि तिघांत त्यांनाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"हं," एवढंच ते म्हणाले, आणि हात पुन्हा कळशीत घातला.

दुसऱ्या दिवशी इनामदार ओटीवर बसले होते आणि पेटी कुठली घ्यायची ते पप्पांनी माझ्यावर सोडलं होतं. काका आमच्याकडे आले होते, हाताला पट्टी बांधून. आई त्यांच्यापुढून ताट हलू देत नव्हती.

"बिनवायरचीच घ्या," इनामदार म्हणाले. त्यांना आता सगळं माहीत झालं होतं. "पाण्यावर रेंज उत्तम. निम्मे नळे पलीकडे जोडू. ताई इथूनच दोन्हीकडचं बटण दाबतील. तिकडे माणसाची गरजच नाही."

"मग मी कशाला?" काका म्हणाले. "हाक बी तिचीच आणि उत्तर बी तिचंच?"

मी वायरची पेटी घेतली. बटणांची, साधी, जिच्यात कार्यक्रम भरता येत नाही आणि जी माणसानं बोट ठेवेपर्यंत ढिम्म बसते. तसल्याच दोन घेतल्या. इनामदार म्हणाले, असं गिऱ्हाईक त्यांना याआधी मिळालं नव्हतं. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं असं मी धरून चालते.

जत्रेच्या दिवशी अलीकडची पेटी पप्पांकडे होती, नळ्यांपासून लांब, आईच्या नजरेखाली. पलीकडची माझ्याकडे, कारण काकांचा हात अजून पट्टीत होता. सूर्य सोंडेआड गेला. पाण्याचा रंग गेला. कुडाच्या घरापुढे आम्ही दोघंच होतो आणि काकांनी मला चपला काढून बसायला लावलं होतं.

पप्पांचा पहिला औट आला. आमच्या काठावरून तो नेहमी नुसता दणका वाटायचा. इकडून ऐकताना तो कुणीतरी नाव घेऊन बोलावल्यासारखा वाटला. पेटीवर हिरवा दिवा होता. माझं बोट बटणावर गेलं.

काकांनी माझं मनगट धरलं.

"थांब," ते हळूच म्हणाले. "आधी त्येंचं होऊ दे."

"कुणाचं?"

त्यांनी हनुवटीनं खाली दाखवलं.

पाणी हललं नाही. मी कान देऊन बसले, पण कानाला काहीच लागलं नाही. ते तळपायांना लागलं. खडकातून एक जड, दबका धक्का वर आला, घोट्यांपर्यंत चढला आणि ओसरला. सावकाश, अजिबात घाई नसल्यासारखा.

काकांनी मनगट सोडलं.

"हां," ते म्हणाले. "आता आपलं दे."